कोलंबीचा दोरा, काळजाची झडप

पालेगाव, अंबरनाथ (पूर्व)
१२ फेब्रुवारी २०२५

चि. शलाका हिस बनूमावशीचे आशीर्वाद. (द्यायची रीत म्हणून दिले. राग जसाच्या तसा आहे.)

पत्रास कारण की, आजपासून माझा तुझ्याशी अबोला आहे. फोन करू नकोस, मी तो नुसता वाजू देईन. रविवारी आलीस तर ताट वाढीन, कारण पोरीला उपाशी ठेवायची आपल्याकडे पद्धत नाही, पण तोंडातून शब्द काढणार नाही. आता तू विचारशील की मग हे पत्र कसलं? तर लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे. उभा जन्म अंगणवाडी चालवली मी, एवढा फरक मला कळतो.

आधी तुझे गुन्हे ऐक. चष्म्याचा नंबर बघायला चल असं सांगून तू मला उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या तुझ्या हॉस्पिटलात नेलंस. मी भोळी, चांगलं लुगडं नेसून आले. तिथे आडवं केलं, छातीला गार गार काहीतरी फासलं आणि एक पोरगी त्यावरून यंत्र फिरवायला लागली. मी तिला विचारलं की बाई, माझा डोळा तुला इथे कुठे सापडला? ती हसली, तू पण हसलीस. बाहेर आल्यावर कळलं की हा काळजाचा कॅम्प. देशोदेशीचे डॉक्टर आपल्या सुट्टीत येतात, गरिबांची काळजं फुकटात दुरुस्त करतात आणि परत जातात, हे तू मला पूर्वी सांगितलं होतंस. पण त्या रांगेत तू मलाच उभी करशील हे कुठे ठाऊक होतं? माझ्या काळजाची एक झडप आखडली आहे म्हणे. असेल आखडली. या वयात गुडघेसुद्धा आखडतात, म्हणून कोणी कापत नाही.

तेही मी गिळलं असतं. पण परवा हरिचंद्राच्या घरी हळदीला तू काय केलंस? मी लग्नाचा धवला गात होते. धवलारीण एकदा गायला उभी राहिली की भटजीसुद्धा मध्ये बोलत नाही, देवाला आवतण चाललेलं असतं. आणि तू, माझ्या हाताखाली वाढलेली, माझ्या हातातून माईक काढून घेतलास आणि अख्ख्या मांडवाला सांगितलंस की मावशीला हार्टचा त्रास आहे, आता ती बसणार. जल्लं माझं नशीब! आज सकाळपासून गावातल्या तीन बाया शहाळी घेऊन येऊन गेल्या. एकीने तर मला हात धरून माझ्याच घरात खाटेवर बसवलं.

कैलासबरोबर तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी पाठवते आहे. राग वेगळा, पोट वेगळं. डबा धुऊन परत पाठव.

तुझी (न बोलणारी),
बनूमावशी

ता. क. – शलाका, मी कैलास. पत्र मी वाचलं, चिकटवलेलंच नव्हतं. आई माझी, पण जाम भडकलीये. मी फर्निचर मार्केटला टेम्पो घेऊन रोज येतोच, तर उत्तर माझ्याकडेच दे. च्यायला, घरचा कुरियर झालोय मी.


उल्हासनगर कॅम्प १
१३ फेब्रुवारी २०२५

ती. मावशीस, शलाकाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. (तू पाय मागे घेतलेस तरी.)

तुझं पत्र ड्युटी संपल्यावर पायरीवर बसून वाचलं आणि इतकी हसले की वॉचमन बघायला आला. भाकऱ्या मी दोनच खाल्ल्या. बाकीच्या आमच्या पाहुण्या डॉक्टरांनी संपवल्या. त्यांना इथल्या सिंधी आंटी रोज दाल पकवान खायला घालतात, त्यामुळे ते आधीच खूश आहेत. आता विचारतायत की ही पांढरी मऊ रोटी कुठे मिळते.

चष्म्याचं खोटं बोलले, कबूल. खरं सांगितलं असतं तर तू आली असतीस का? सांग बरं. गेलं वर्षभर मी बघते आहे. विहिरीवरून घरापर्यंत येताना तू दोनदा थांबतेस आणि कोणी बघितलं की पदर नीट करायचं नाटक करतेस. उशीला उशी लावून बसून झोपतेस. हे गुडघ्याचं नाही मावशी. लहानपणी तुला सांधेताप आला होता ना, आजी सांगायची, त्याने तेव्हाच ही झडप खराब केली. आता ती चुन्यासारखी कडक झाली आहे. रक्त पुढे जायला फट उरलीये ती बारीकशी, म्हणून पाणी फुफ्फुसात साठतं आणि तुला दम लागतो. कडक नसती तर नुसता फुगा घालून उघडता आली असती. आता काढून नवी बसवावी लागेल.

हळदीत माईक घेतला त्याची मात्र माफी मागते. मला तेव्हा काही सुचलं नाही. तुझे ओठ निळे झाले होते. मी नर्स आहे, मला निळ्या ओठांचा अर्थ कळतो, आणि मला फक्त एक मावशी आहे.

आता नीट ऐक. ही टीम महिनाअखेर जाते. पुढच्या शनिवारी एक जागा मी तुझ्यासाठी धरून ठेवली आहे. पुढच्या वर्षी ते येतील, पण तू तोवर थांबू शकशील असं इथे कोणालाच वाटत नाही. आणि एक गंमत. टीममधला एक सर्जन तुझ्या ओळखीचा आहे. गेली बरीच वर्षं परदेशात असतो, दर हिवाळ्यात या लोकांबरोबर येतो. तुझे रिपोर्ट बघून त्याने नाव वाचलं आणि खुर्चीवरून उठून उभा राहिला. अभिजीत. पालेगावचाच. तुझ्या अंगणवाडीत होता म्हणे.

डबा धुतला आहे. लोभ असावा असं लिहीत नाही, तो आहे हे सुकटीवरून कळलं.

तुझीच,
शलाका


पालेगाव
१४ फेब्रुवारी २०२५

चि. शलाकास आशीर्वाद.

अगो बाय माझे! अभ्या? तो नाक वाहणारा अभ्या काळजाचा डॉक्टर झाला? त्याच्या आईला वाटायचं हा निदान दहावी होऊ दे. रोज माझ्याकडे येताना भोकाड पसरायचा, आणि रोज घरी जाताना त्याची चड्डी मला बदलावी लागायची. चित्र रंगवायला दिलं तर रंग रेघेच्या बाहेर, पाटीवर, फरशीवर, शेजारच्या पोरीच्या झग्यावर. त्याच्या हातात माझं काळीज द्यायचं म्हणतेस? तू शुद्धीवर आहेस ना?

तरी मी अन्यायाने वागणारी बाई नव्हे. त्याला सांग की रविवारी पालेगावला ये. आपल्याकडे नवी सून आली की तिच्यापुढे कोलंबीचं टोपलं ठेवतात, ठाऊक आहे तुला. पाठीला चीर न देता, डोक्याकडून काळा दोरा धरायचा आणि अख्खा ओढायचा, मध्ये तुटता कामा नये. दोरा तुटला की त्या पोरीला अजून शिकवायचं आहे असं समजायचं. सुनेला एवढं कडक, मग काळजाला हात घालणाऱ्याला का नको? अभ्याने माझ्यासमोर बसून कोलंबी साफ करून दाखवावी, मग बघू.

पण खरं कारण हे नाही, तेही लिहून टाकते, म्हणजे मन मोकळं होईल. तुझं लग्न वीस एप्रिलला आहे. छाती उघडल्यावर हाडं जुळायला तीन-चार महिने लागतात, हे तुझ्याच हॉस्पिटलच्या बाईने मला सांगितलं. म्हणजे तुझ्या हळदीला मी खुर्चीवर बसून टाळ्या वाजवायच्या, आणि धवला तुझ्या सासरच्या, कुळगावच्या कुठल्यातरी बाईने म्हणायचा? माझी बहीण जनी गेली तेव्हा तू कडेवर होतीस. तेव्हापासून तुझ्या लग्नाचा धवला मी मनात बांधते आहे. भांडी घासताना बांधला, भात लावताना बांधला. गावातल्या किती पोरींना मी सासरी पाठवलं, आणि माझ्या पोरीच्या वेळेला मी गप्प बसू?

तेव्हा असं ठरलं. आधी लग्न, मग झडप. टीम पुढच्या वर्षी येणारच आहे ना. तोवर मी हळू चालीन.

अजून रागावलेली,
बनूमावशी

ता. क. – शलाका, आईने कोलंबी आणायला मला सांगितलीये, मोठी आण म्हणे, डॉक्टर लोकांना सोपी जाईल. बोलते काय, करते काय, काय कळत नाय. – कैलास


पालेगाव
१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

चि. शलाकास आशीर्वाद.

तू हॉस्पिटलात अडकलीस म्हणून आजचा तमाशा चुकलास. अबोला असला तरी हे तुला सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही.

अभ्या आला. केस पांढरे झाले की गो त्याचे! दारात वाकून पाया पडला आणि उभा राहिला तो हात मागे बांधून, मी बस म्हणेपर्यंत बसला नाही. बरोबर त्यांच्या टीममधली हंगेरीची इलोना डॉक्टरीण, ताडासारखी उंच, आमच्या दाराच्या चौकटीला तिचं डोकं आपटलं. अंगणात पाट मांडले, मधोमध टोपलं ठेवलं. शेजारच्या बाया कामं टाकून कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. कैलास मोबाईलवर व्हिडिओ घेत होता, त्याला मी हाकललं.

अभ्याची पहिली कोलंबी, दोरा तुटला. दुसरी, तुटला. तिसरीला त्याने अशी ओढ दिली की मुंडकंच हातात आलं. कुंपणापाशी हशा पिकला. मला मेलं वाईट वाटलं त्याचं, लाल झाला होता बिचारा. मग त्या इलोनाने विचारलं की मी बघू का. अभ्याने तिला त्यांच्या भाषेत समजावलं. तिने पहिली हातात घेतली, उजेडाला धरून बघितली, आणि काय सांगू, रेशमाच्या धाग्यासारखा दोरा अख्खा बाहेर आला. दुसरी तशीच, तिसरी तशीच. टोपलं संपवलं तिने! बोटं अशी चालत होती की मीसुद्धा बघत बसले. कुंपणापलीकडच्या बाया म्हणाल्या की हिला पालेगावात सून करून आणा.

मग कोलंबीचा रस्सा, भात, भाकरी. ती हाताने जेवली आणि नाक पुसत पुसत तिखट खाल्लं. निघताना मी दोघांना सांगितलं की अभ्या नापास. पुढच्या वर्षी माझं काळीज उघडायचंच झालं तर ही उघडील. अभ्याला राग यायला हवा होता, तर तो हसला. मला काही कळेना.

पण पुढच्या वर्षी हं. यंदा लग्न.

तुझी,
मावशी


कॅम्प १, उल्हासनगर
१७ फेब्रुवारी २०२५

आदरणीय बाईंस, अभिजीतचा साष्टांग नमस्कार.

मराठीत पत्र लिहून फार वर्षं झाली. चुका लाल पेनने दुरुस्त करून परत पाठवल्या तरी चालेल. माझी अक्षरं अजूनही रेघेबाहेर जातात, ते तुम्ही बघतच असाल.

बाई, काल मी मुद्दाम नापास झालो. कोलंबीचे दोरे मला येतात. माझी आई मला पाटावर बसवून ते काम करून घ्यायची, आणि आजही मी घरी ते करतो. पण पास झालो असतो तर तुम्ही हट्टाने मलाच ऑपरेशन करायला लावलं असतं, हे मला ठाऊक होतं. मला ते जमणार नाही. अंगणवाडीत मी रडायचो तेव्हा तुम्ही मला उचलून छातीशी धरायचात, मग मी गप्प व्हायचो. तिथे मी करवत लावू शकत नाही, बाई. मी प्रयत्न करून बघितला, रात्री डोळ्यांपुढे आणून बघितलं. दर वेळी करवत खाली ठेवतो. इलोना माझ्यापेक्षा चांगली आहे. ती करेल आणि मी तुमच्या डोक्याशी उभा राहीन.

दुसरी गोष्ट कडू आहे, पण तुमच्याशी खोटं बोलायची मला अजून भीती वाटते. ही झडप एप्रिलपर्यंत तग धरेल असं मी म्हणू शकत नाही. आणि धरलीच, तर रात्रभर मांडवात उभं राहून गाणं हे त्या झडपेला झेपणार नाही. तुम्ही धवला सुरू कराल. तो संपवाल की नाही, हे मला सांगता येत नाही. शलाकाच्या हळदीत, शलाकाच्या डोळ्यांसमोर काय होऊ शकतं याचा विचार करा. तुम्ही रागावाल. मी ओरडा खायला तयार आहे.

रश्श्यासाठी इलोनाने आभार मानायला सांगितले आहेत. तिचं कपाळ अजून सुजलेलं आहे.

आपला विद्यार्थी,
अभिजीत


पालेगाव
१८ फेब्रुवारी २०२५

चि. शलाका,

अभ्याचं पत्र वाचलं. दोनदा वाचलं, मग पदराने डोळे पुसले आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त केल्या. सोबत पाठवते आहे, त्याला दे.

मेल्याने मला फसवलं आणि मला कळलंसुद्धा नाही. एवढं प्रेम करतो तर सरळ सांगायचं होतं की. कोलंब्यांचा खून कशाला?

पण माझा निर्णय तोच. तुम्ही सगळे शिकलेले आहात, तुमचं खरं असेल. मला एवढंच दिसतं की तू हिरवा चुडा भरून पाटावर बसली आहेस आणि मी गाते आहे. ते मी सोडणार नाही. गाताना गेले तर गेले. धवलारणीला याहून बरं मरण कुठलं? यावर आता पत्र नको. भाकऱ्या नकोत म्हणालीस तरी पाठवल्यात.

मावशी


कॅम्प १
१९ फेब्रुवारी २०२५

ती. मावशीस नमस्कार.

तू म्हणालीस पत्र नको, म्हणून हे पत्र नाही, ही बातमी आहे. वीस एप्रिलचं लग्न मी रद्द केलं.

घाबरू नकोस, मोडलं नाही. पुढे ढकललं. काल ड्युटीवरून सरळ बदलापूरची रिक्षा पकडली आणि कुळगावला दिपेशच्या घरी जाऊन बसले. होणाऱ्या सुनेने असं एकटीने दारात येणं म्हणजे त्यांना धक्काच. दिपेशच्या आईने पाणी दिलं आणि तोंडाकडे बघत राहिली. मी सांगितलं की माझ्या मावशीचं हार्टचं ऑपरेशन आहे, ती गायला उभी राहील तेव्हाच मी हळदीला बसेन, तोवर मुहूर्त नको. दिपेश आधीच माझ्या बाजूने होता, तो बिचारा चहा करायला उठला. प्रश्न होता हिरामणमामांचा. सासरे म्हणून जरा कडक आहेत, तुला माहीत आहे. हॉल, डीजे, आचारी सगळं ठरलेलं. त्यांनी मिशी चोळली. मग म्हणाले की बनूबाईशिवाय हळद म्हणजे नुसता डीजे, आणि डीजे तर आमच्या गल्लीत रोजच असतो. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरा.

आता बघ मावशी, गोष्ट फार सोपी झाली आहे. तू ऑपरेशन केलंस तर मी डिसेंबरच्या आधी सासरी जाईन. नाही केलंस तर मी जन्मभर पालेगावात तुझ्या डोक्यावर बसेन. रोज तुझं बीपी बघेन, रोज मीठ कमी घालेन आणि रोज भांडेन. आणि तुला काही झालं तर माझं लग्न होणारच नाही, हे मी देवासमोर बोलले आहे. अंबरनाथच्या शंकरासमोर, चप्पल काढून.

तू म्हणतेस गाताना गेले तर गेले. तुला बरं मरण वाटेल. आणि मी? पिवळ्या अंगाने तुझ्या छातीवर दाब देत बसू? एवढी मोठी झालीस, एवढंही तुला कळू नये? मला तुझं गाणं हवंच आहे गं, पण गाण्याच्या नंतरसुद्धा तू हवी आहेस. माझं बाळंतपण कोण करणार? सासूशी भांडण झालं तर मी जाऊ कुणाकडे?

शनिवारची जागा अजून तुझी आहे. शुक्रवारी सकाळी ॲडमिट व्हायचं. कैलासला टेम्पो धुवायला सांगितला आहे.

तुझी हट्टी (कुणाकडून शिकले ते विचारू नकोस),
शलाका


पालेगाव
२० फेब्रुवारी २०२५

चि. शलाका हिस,

याला काय म्हणतात ठाऊक आहे? ब्लॅकमेल. टीव्हीवर दाखवतात तेच. आणि तेही शंकरासमोर!

काल पत्र आल्यापासून तुला शिव्या देते आहे. लग्न पुढे ढकललं, गावात चर्चा, लोक म्हणतील आई नसलेली पोर, काहीतरी खोट असणार. मग कालच दुपारी हिरामणचा मला फोन आला. त्याने विचारलं की तुम्ही शुक्रवारी किती वाजता निघणार, मी पण येतो, रक्त लागलं तर द्यायला. सकाळी आठला, असं माझ्या तोंडून निघून गेलं.

तर येते. उद्या सकाळी येते.

भीती वाटते गो मला. हे कैलाससमोर बोलले नाही, तुला लिहिते. झोपेचं औषध दिलं आणि डोळे उघडलेच नाहीत तर? माझे धवले कुठेच नाहीत, सगळे डोक्यात. म्हणून काल संध्याकाळी मी कैलासच्या मोबाईलमध्ये गायला बसले. दोन धवले झाले आणि मोबाईल म्हणतो जागा संपली. बघितलं तर आत सगळे बैलगाडा शर्यतीचे व्हिडिओ! आईचा धवला ठेवू की बैल, यावर तो विचार करायला लागला. कानाखाली वाजवली तेव्हा बैल काढले. रात्रभर एक एक ओळ श्वास घेऊन घेऊन गायले. तुझ्या लग्नाचा तेवढा त्यात घातला नाही. तो मी मांडवातच गाणार, म्हणून मागे ठेवला आहे.

उद्या हॉस्पिटलच्या दारात मी अबोला सोडीन. आत गेल्यावर एवढ्या परक्या माणसांत बोलायला कोणीतरी हवं. माझा हात धरून ठेव आणि ते घेऊन जातील तेव्हाच सोड.

तुझी,
बनूमावशी


ट्रस्ट हॉस्पिटल, कॅम्प १, तिसरा मजला
६ मार्च २०२५

डॉ. अभिजीतास बनूबाईंचे अनेक आशीर्वाद.

विमान नीट पोचलं असं शलाकाने सांगितलं. हे पत्र ती तुला फोटो काढून पाठवणार आहे. मी अजून इथेच, पण उद्या सोडणार आहेत. तुमची टीम गेल्यावर इथल्या डॉक्टरांनी आणि पोरींनी माझी बडदास्त ठेवली. सिंधी आंट्यांनी इतकं खाऊ घातलं की नवी झडप आत अंग चोरून बसली असेल.

तुम्ही ती लोखंडाची बसवली की कसली, ती टिक टिक वाजते रे! रात्री शांत असलं की मला ऐकू येते. पहिल्या रात्री मी नर्सला विचारलं की घड्याळ कुठे ठेवलंय. आता सवय झाली. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणते की तुमच्याजवळ झोपलं की वेळ कळते. रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर आणि पालेभाजी रोज मोजून मापून, हे शलाकाने मला इतक्या वेळा ऐकवलं आहे की मीच आता वॉर्डात सगळ्यांना शिकवते.

ते तीन चेंडूंचं खेळणं दिलंय ना, श्वास ओढून चेंडू वर न्यायचे? पहिल्यांदा एकही हलेना. मला रडू आलं. काल तिन्ही वर गेले आणि वरच राहिले. मी इकडेतिकडे बघितलं, टाळी वाजवायला कोणी नव्हतं, म्हणून मीच वाजवली. छाती दुखली, पण वाजवली. अंबरनाथची महाशिवरात्रीची जत्रा जन्मात पहिल्यांदा चुकली, तेवढंच एक वाईट वाटतं.

इलोनाला सांग, मी तिला दिलेले सुके बोंबील तिने विमानात नेले की कस्टमवाल्यांनी खाल्ले ते कळव. तुझ्याबद्दल शलाकाने सगळं सांगितलं. माझ्या डोक्याशी उभा राहून तू रडत होतास आणि इलोनाने तुला दोनदा ओरडून गप्प केलं म्हणे. लहानपणी मी एकदाच ओरडायचे, पुरायचं.

पुढच्या वर्षी ये. कोलंबी मी साफ करून ठेवीन, तू नुसता जेव. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

तुझी बाई,
बनूबाई


पालेगाव
४ डिसेंबर २०२५

चि. सौ. शलाका हिस कुळगाव मुक्कामी अनेक आशीर्वाद.

लग्न होऊन चार दिवस झाले आणि तू रोज फोन करतेस, मग पत्र कशाला, असं कैलास विचारतो. पण काही गोष्टी मला फोनवर बोलता येत नाहीत. बोलायला गेले की तू मध्येच बीपी विचारतेस.

हळदीबद्दल लिहायचं आहे. लोक मला विचारतात की बनूबाई, तुम्ही मध्येच का थांबलात? शेजारणी कुजबुजतात की परदेशी झडप अडकली असेल. अभ्याचासुद्धा व्हिडिओ बघून फोन आला, घाबरलेला, ताबडतोब तपासून घ्या म्हणाला. त्या सगळ्यांना मी सांगितलं की झडप ठणठणीत आहे. तुला खरं सांगते.

मी किती जोरात होते ते तू ऐकलंस. मांडवाला, उंबराला, गावदेवीला, सगळ्यांना आवतण दिलं. पूर्वी एक ओळ दोन तुकड्यांत गायची, मागच्या बाया सांभाळून घ्यायच्या. त्या रात्री एका दमात एकेक ओळ, बाया माझ्या मागे धावत होत्या. मग ती जागा आली, नवरीला कोणाची लेक म्हणायचं ती. मी जनीचं नाव घेतलं. जनीची लेक हळदीला बसली. इतकी वर्षं ठरवून ठेवलेलं नाव, ठरवल्यासारखं आलं. रीत अशी की बायांनी तेच शब्द मागून ओढायचे, आणि नवरीने मान खाली घालून गप्प बसायचं.

आणि तू मान वर केलीस. तोंडाला हळद, डोळे मिटलेले, आणि सगळ्या बायांच्या वर तुझा आवाज आला. बनूची लेक हळदीला बसली. बाया क्षणभर बावरल्या, मग तुझ्याबरोबर त्यांनी तेच ओढलं. अख्खा मांडव तेच ओढायला लागला. आणि माझं नाव मी कधी धवल्यात ऐकलंच नव्हतं गो. दुसऱ्यांच्या आयांची नावं घेत आले मी.

दम होता. छातीभर दम होता, इलोनाने दिलेला. पण पुढची ओळ काही केल्या येईना. बायांनी धवला पुढे नेला आणि मी तुझ्या मागे उभी राहून नुसती ऐकत होते. मोडला नाही धवला, पुरा झाला. कुणाला अपशकुन वगैरे वाटत असेल तर सांग, मी भेटते त्याला.

जनीला काय वाटलं असेल, हा विचार दोन रात्री केला. तिची लेक मी नावावर करून घेतली, भांडेल ती. भांडू दे. तिथे गेल्यावर समोर बसून मी तिला सगळं समजावून सांगीन. पण तिला म्हणावं वाट बघ, मला इतक्यात सवड नाही.

तुझी,
बनू